पंचेचाळीस टक्के

१

गप्प्याने काचेचं कपाट उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. हात मुठीवर, तोंड उघडं. आता गप्प्याचं तोंड उघडं दिसणं हीच मुळात बातमी. इतकी वर्षं तो या कारखान्यात व्हायोलिनं दुरुस्त करतोय, पण सलग दोन वाक्यं बोलल्याचं कुणाला आठवत नाही. म्हणून तर घराने त्याचं नाव गप्प्या ठेवलं.

"काका," तो म्हणाला, "पेटी जागेवर नाही."

कोपऱ्यातल्या स्टुलावर फौजदार मावशी चहा पीत बसली होती. ती काही खरी फौजदार नव्हे. विमा कंपनीत दाव्यांचा तपास करण्यात तिचा जन्म गेला. गोदाम आपोआप जळलं की कुणी जाळलं, हे ती नुसत्या राखेच्या वासावरून सांगते अशी तिची ख्याती. निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीकडे, चिमीकडे, आठ दिवस आराम करायला आली होती. तो आराम त्या क्षणी चहाच्या बशीतच राहिला.

"नीट बघ," भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे चिमीचे यजमान, कारखान्याचे मालक. ताडमाड उंच माणूस, दोन्ही हात कायम एप्रनच्या खिशात. "पेटी काय पायांनी चालत जाते?"

चालत गेली नसेल, पण गेली होती खरी. कपाटात तीन साधी व्हायोलिनं होती आणि मधल्या कप्प्यात रिकामी जागा. त्या जागी पेटीत ठेवलेलं व्हायोलिन एका नावाजलेल्या वादक बाईंचं. बाईंना ते त्यांच्या गुरूंनी शेवटच्या दिवसांत दिलेलं. त्याच्या पोटाला उभी चीर गेली होती, आणि महिनोन्महिने खपून ती इथे सांधली गेली. उद्या संध्याकाळी बाई स्वतः न्यायला येणार होत्या.

भाऊजींची मुलगी बेबी वरून धावत आली. ती टेलिफोनच्या कचेरीत कामाला, त्यामुळे घरातली सगळी यंत्रं तिच्या ताब्यात. "अहो, कॅमेरा आहे की कोपऱ्यात!" म्हणत तिने फोन काढला, बोट फिरवलं आणि तिचा चेहरा पडला. "दुपारी नेट बंद होतं. कुणीतरी राउटरची पिनच काढून ठेवली होती. त्या वेळचं काही आलंच नाही."

"म्हणजे घरातल्याच माणसाचं काम," मावशी पुटपुटली.

"घरातल्या नाही, कारखान्यातल्या," भाऊजी म्हणाले. त्यांनी हनुवटीनेच गप्प्याकडे खूण केली. "कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक याच्याकडे. आणि हा परवाच सांगून मोकळा झालाय, काका, मी चाललो, स्वतःचं दुकान काढतोय. रिकाम्या हाताने जायचं नव्हतं वाटतं तुला?"

चिमीच्या हातातली किटली धाडकन टेबलावर आपटली. बेबीने "बाबा!" म्हणून किंकाळीच फोडली. मावशीलाही आपण ऐकलं ते खरं वाटेना. याच घरात जेवून हा मुलगा बाप्या झाला. भाऊजींनी त्याला कधी 'अरे मूर्खा' म्हटलेलंही तिने ऐकलं नव्हतं.

"मी नाही घेतलं," गप्प्या म्हणाला. त्याने आपली पिशवी टेबलावर उपडी केली. पटाश्या, सरसाची डबी, एक डबा, एक सफरचंद. मग तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"उद्या बाई येईपर्यंत मुदत," भाऊजी म्हणाले. "मग पोलीस."

२

व्हायोलिनवाल्यांचं जग केवढंसं. कुणाचं वाद्य कुणाच्या हातात द्यायचं हे सगळं भरवशावर चालतं. एकदा का 'चोर' हा शिक्का कपाळी बसला, की गप्प्याला नवं दुकान तर सोडाच, कुणी तुटकी तारसुद्धा बदलायला देणार नव्हतं. तुरुंगातून माणूस कधीतरी सुटतो. या शिक्क्यातून तो सुटला नसता.

हे मावशीला कळत होतं, म्हणून तिने कंबर कसली. भाऊजी आणि शेजारचा चष्मेवाला मिळून गप्प्याची नदीपलीकडची खोली धुंडाळून आले होते. तिथे काही मिळालं नव्हतं.

संध्याकाळी गारवा वाढला. त्या गावात कित्येक दिवस झिमझिम आणि धुकं चालू होतं. टॉवेल वाळत नव्हते, बिस्किटं मऊ पडत होती, मिठाचा गोळा झाला होता. चिमीने तिला कपाटातून शाल काढून दिली. मावशीने ती नाकाला लावली.

"चिमे, माझ्या बॅगेतले कपडेसुद्धा कुबट झालेत. तुझी शाल बरी अशी खुटखुटीत?"

"आत कांडी लावलीय ना, विजेची. जरा कोमट राहते, रात्रंदिवस चालू. लोकरीचे कपडे त्यात छान राहतात. वरच्या कप्प्यात काय आहे ते मात्र देवाला ठाऊक. माझा हात पोचत नाही, आणि या गुडघ्यांनी स्टुलावर चढायचं म्हणजे..."

"उंचीत तू कधी वाढलीसच नाहीस," मावशी म्हणाली. दोघी जरा हसल्या, आणि मग चिमीचे डोळे भरून आले.

"ताई, गप्प्या चोर असेल तर मी माणूस ओळखायचं सोडून दिलं. पण ह्यांनाही काय झालंय कळत नाही गं. दाढी करत नाहीत. जेवायला वेगळे बसतात. चहा त्या जाडजूड मगातून पितात, तोही दोन्ही हातांनी धरून. मी किती दिवस म्हणतेय, बंद करू कारखाना, बेबी म्हणते तशी तिच्या नव्या घरात जाऊ. तर अंगावर येतात."

सकाळी बेबीही तेच म्हणाली, फक्त जास्त तावातावाने. "मावशी, खरं सांगू? मला तो कारखाना डोळ्यांसमोर नकोय. बाबांना खाऊन टाकलं त्याने. पण म्हणून मी दुसऱ्याचं व्हायोलिन चोरीन का?"

"चोरलं तर कारखाना आपोआप बंद पडेल, नाही का?"

"तू माझ्यावर संशय घेतेस?"

"मी सगळ्यांवर घेते गं. तेवढंच येतं मला."

खाली उतरताना मावशीला कारखान्यातून भाऊजींचा आवाज ऐकू आला. दार लोटलेलं होतं. "ऐक माझं," ते गप्प्याला म्हणत होते, अगदी हळू, जवळजवळ काकुळतीने. "मला पेटी नको, कबुली नको. इथून जायचं नाही, एवढं एकच कबूल कर. मग मी सांभाळून घेतो. बाईंना काय सांगायचं ते मी बघतो."

गप्प्या दाराकडे वळला.

चोरालाही घरात ठेवायला तयार आहेत, देवमाणूस आहे हो, असं मावशीच्या मनात आलं. पुढे आपल्याच या विचाराची तिला लाज वाटायची होती.

३

ती आत गेली तेव्हा गप्प्या बाहेर पडत होता आणि भाऊजी भिंतीकडे बघत उभे होते. कालपासून तिच्या ध्यानात आलं होतं, त्यांची नजर सारखी त्या भिंतीकडे जायची. तिथे त्यांच्या वडिलांचा फोटो होता. कारखाना त्यांनीच काढलेला. मनात बापाला उत्तर देत असतील बिचारे, असं तिला वाटलं. तिची चाहूल लागताच ते खिशात हात घालून निघून गेले.

मग तिने फोटो नीट बघितला, आणि फोटोशेजारची ती वस्तूही. वहीच्या पानाएवढं पांढरं यंत्र, पडद्यावर दोन ओळी आकडे. वरच्या ओळीला चिठ्ठी चिकटवलेली, 'खोली'. तिथे अठ्ठावन्न टक्के. खालच्या ओळीची चिठ्ठी 'पेटी'. तिथे पंचेचाळीस टक्के.



"बेबी! अगं ए बेबी! खाली ये!"

बेबी आली. "ते होय? दमटपणा मोजायचं यंत्र. कॅमेऱ्याबरोबर मीच आणलं होतं. लाकूड ओलाव्याने फुगतं ना. त्याचा छोटा डबा त्या व्हायोलिनच्या पेटीत, झाकणाच्या आत अडकवलाय."

"पेटीत? म्हणजे चोरीला गेलेल्या पेटीत?"

"हो, पण आता त्याचा काय उपयोग? नेट गेलं तेव्हाच ते मेलं असणार. जुनाच आकडा अडकून राहिलाय. गप्प्यादादा तर त्याच्याकडे कधीच बघत नाही. तो लाकडाला बोट लावून सांगतो. बाबाच बघतात हल्ली."

"मेलेलं यंत्र डोळा मारतं का गं?" मावशीने बोट दाखवलं. खालच्या ओळीच्या टोकाला मनोऱ्यासारखी बारीकशी खूण होती. ती मिचकावली, थांबली, थोड्या वेळाने पुन्हा मिचकावली. आणि दोघींच्या डोळ्यांदेखत पंचेचाळिसाचे चव्वेचाळीस झाले.

बेबी दोन पावलं मागे सरकली. भूत बघितल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"आपल्या आजोबांच्या रेडिओला नेट होतं का?" मावशी म्हणाली. "तिकडून कुणी बोलायचं, इकडे हा ऐकायचा. हेही तसंच. तो पेटीतला डबा आपल्या बॅटरीवर दर थोड्या वेळाने हवेत ओरडतो, 'इथे इतका दमटपणा, इथे इतकी ऊब!' आणि हे भिंतीवरचं यंत्र कान देऊन बसलेलं असतं. मधे ना राउटर, ना फोन. तुझा कॅमेरा गावभर फिरून येतो म्हणून त्याला नेट लागतं. यांचं बोलणं घरातल्या घरात."

"तुला हे कसं माहीत?"

"माझ्याकडे आहे ना, गच्चीतल्या कुंड्यांसाठी. एकदा तो डबा माझ्या कोटाच्या खिशात राहिला आणि मी बाजारात गेले. घरी यंत्रावर नुसत्या रेघा. मी कोपऱ्यावर आले की आकडा परत उमटायचा. तुझे काका, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, तेव्हापासून तो डबा मुद्दाम माझ्या खिशात घालायचे आणि आकडा दिसला की चहाचं आधण ठेवायचे." मावशीने भिंतीवरच्या यंत्रावर बोटाने टकटक केलं. "ते राहू दे. मुद्दा कळला का तुला? त्याची धाव फार नाही. नदीपलीकडे पेटी असती तर इथे रेघा दिसल्या असत्या."

"म्हणजे..."

"म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. पेटी याच घरात आहे."

बेबी मटकन स्टुलावर बसली. पण डोकं चालणारी मुलगी ती. लगेच म्हणाली, "तरी गप्प्यादादा सुटत नाही, मावशी. त्यानेच घरात कुठेतरी लपवली असेल. नंतर हळूच न्यायला."

"असेल," मावशी म्हणाली. "पण मला छळतंय ते वेगळंच. आख्ख्या गावात मिठाचं पाणी होतंय. या खोलीत हवा कोरडी करायचं यंत्र घरघरतंय, तरी इथे अठ्ठावन्न. मग ती पेटी अशा कुठल्या राजवाड्यात ठेवलीय की तिथे पंचेचाळीस?"

४

चोर पेटी कुठे लपवतो? माळ्यावर, कोळशाच्या खोलीत, पलंगाखाली. त्याला वाद्याशी काय देणंघेणं? इथे मात्र चोराने व्हायोलिन पळवलं आणि त्याला सर्दी होऊ नये म्हणून शोधून शोधून गावातली सगळ्यात कोरडी जागा दिली. असला चोर मावशीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. लाकडावर जीव टाकणारी माणसं घरात दोनच होती, एक गप्प्या आणि दुसरे भाऊजी. भाऊजींचीच तर चोरी झालेली. म्हणजे पुन्हा गप्प्याच. तिचं डोकं भणभणलं.

कोरडी जागा म्हणजे ऊब, आणि ऊब म्हणजे वीज. मावशी जिन्याखालच्या बोर्डापाशी गेली. प्रत्येक खोलीचा खटका वेगळा होता, आणि वर चिमीच्या अक्षरात नावं.

"आज खटक्यांची तपासणी आहे," तिने जाहीर केलं. "जळका वास येतोय मला. थोडा वेळ दिवे जातील, कुणी आरडाओरडा करायचा नाही." तिच्या नाकाची ख्याती असल्यामुळे कुणी वाद घातला नाही.

आधी तिने कारखान्याचा खटका पाडला. हवा कोरडी करायचं यंत्र थांबलं, भिंतीवरचं मात्र आपल्या बॅटरीवर चालूच राहिलं, आणि बघता बघता 'खोली' अठ्ठावन्नाची साठ झाली, पुढे चढू लागली. 'पेटी' ढिम्म. म्हणजे पेटी कारखान्यात नव्हती. खटका वर केला आणि स्वयंपाकघराचा पाडला. चिमीने फ्रिजच्या नावाने चार शब्द सुनावले, पण पेटी तशीच. मग बेबीची खोली. बेबी जिन्यात उभी राहून नखं खात होती. आकडा हलला नाही, तेव्हा तिने इतका मोठा सुस्कारा सोडला की मावशीला मनातून तिची माफी मागावीशी वाटली.

एकच खटका उरला होता. मावशीने तो पाडला आणि ती जेवायला बसली. हात धुऊन ती कारखान्यात गेली.

पेटी, सत्तेचाळीस टक्के.

ती उभीच राहिली. थोड्या वेळाने एकोणपन्नास झाले. मग एक्कावन्न.

तो खटका चिमीच्या झोपायच्या खोलीचा होता. तिथे एक लाकडी कपाट होतं, आणि त्यात रात्रंदिवस कोमट राहणारी कांडी. हजारो दावे तपासले तिने, भाऊ भावाचं घर जाळताना पाहिला, पण तेव्हा ती सगळी परकी माणसं होती. अंगावरची शाल तिने ओरबाडल्यासारखी काढली. याच शालीबद्दल तिने काल विचारलं होतं, आणि तिच्या पाठच्या बहिणीने हसत हसत उत्तर दिलं होतं.

"चिमे," ती स्वतःशीच म्हणाली, "तू नको गं असूस."

५

दुपार कलायला लागली तेव्हा तिने सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. चिमी, बेबी, गप्प्या, आणि सगळ्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला खेटून, भाऊजी. आकड्यांचं सगळं तिने सरळ सांगून टाकलं. नेट नसताना यंत्र कसं ऐकतं, खटके पाडल्यावर काय झालं, सगळं. बोलता बोलता ती चिमीकडे बघायचं टाळत होती.

"माझ्या कपाटात?" चिमी कपाटाकडे वळली. "ताई, माझ्या कपाटात चोरीचा माल? मी?"

"खालचे कप्पे तू रोज उघडतेस. तिथे असती तर पेटी तुझ्या डोक्यात पडली असती. राहिला वरचा. तिथे तुझा हात पोचत नाही, स्टुलावर तुला चढवत नाही. काल तूच म्हणालीस, आणि तुझे गुडघे खोटं बोलत नाहीत. बेबीही तुझ्याच उंचीची. आणि लहानपणापासून पोरीला स्टुलावर चढायची भीती." मावशी दाराकडे वळली. "आणि गप्प्या या घरात इतकी वर्षं जेवला, पण तुमच्या झोपायच्या खोलीत त्याने कधी पाऊल टाकलं नाही. त्या कांडीचं त्याला स्वप्न पडलं असेल का? भाऊजी, तुम्ही उंच आहात. वरचं दार तेवढं उघडता?"

भाऊजी हलले नाहीत. खिशातले हात खिशातच राहिले.

"भाऊजी."

"मला नाही जमायचं, ताई," ते म्हणाले.

गप्प्याच पुढे झाला. टाचा उंचावून त्याने दार ओढलं. दोन घोंगड्यांच्या मधे, तान्ह्या मुलाला निजवावं तशी, पेटी ठेवलेली होती. त्याने ती खाली काढून पलंगावर ठेवली आणि उघडली. व्हायोलिन सुखरूप होतं. झाकणाच्या आत काडेपेटीएवढा पांढरा डबा अडकवलेला होता, आणि त्यावरचा बारीक लाल दिवा लुकलुकत होता.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. चिमी नवऱ्याकडे असं बघत होती की जणू कुणी अनोळखी माणूस घरात शिरलाय.

"हात बाहेर काढा," मावशी म्हणाली. आता तिला सगळं दिसत होतं. तो जाडजूड मग, वाढलेली दाढी, वेगळं जेवण, हनुवटीने केलेली खूण.

भाऊजींनी हात काढले. ते थरथरत होते. थोडेथोडके नाहीत, वाऱ्यावर दोरीवरचे कपडे हलावेत तसे.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "बोट लावून लाकूड कळायचं बंद झालं, म्हणून तर त्या आकड्यांकडे बघायला लागलो. पटाशी धरता येत नाही. ही चीर मी नाही सांधली. गेल्या दोन वर्षांत इथून जे जे बाहेर गेलं, ते सगळं याने केलं. नाव माझं. हा गेला असता तर आठ दिवसांत सगळ्यांना कळलं असतं, की या कारखान्यात हात नाहीत, नुसता फोटो आहे."

"म्हणून त्याला चोर केलंत?" बेबी ओरडली.

"पोलिसांत देणार नव्हतो गं! घाबरला असता, राहिला असता. मग पेटी कुठेतरी सापडली असती. एवढंच..."

मावशीला चीड आली आणि त्या हातांकडे बघून रडूही आलं. "एवढी आखणी केलीत, नेट काढून कॅमेरा आंधळा केलात," ती म्हणाली. "आणि हा डबा विसरलात! तुम्हालाही वाटलं ना, नेट गेलं की हाही गेला?"

भाऊजींनी मान हलवली. "नाही. नेट कितीदा जातं, तरी आकडे येतातच. दोन वर्षं तेवढंच बघतोय, मला माहीत नसेल का?"

"मग काढून का नाही ठेवलात?"

"काढला होता, बॅटरी काढून," ते म्हणाले. "कपाटाचं दार लावलं, खाली आलो, भिंतीवर रेघा दिसल्या. मला बसवेना, ताई. आत काय होत असेल कळेना. सांधा ताजा आहे. परत वर आलो आणि बॅटरी घालून ठेवला."

माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त करायला निघालेला हा गृहस्थ, पकडले जाऊ हे पक्कं ठाऊक असताना, व्हायोलिनला एकटं सोडू शकला नव्हता.

गप्प्याने पेटी बंद केली. त्याचे डोळे लाल झाले होते. "व्हायोलिनला कांडी लावलीत काका," तो म्हणाला. "मी रात्रभर जमिनीवर बसून होतो. माझं काय होत असेल, ते बघायला एखादा आकडा लावायचा होता."

एवढं सलग तो आयुष्यात बोलला नव्हता. आणि तेवढ्यात खाली दाराची घंटा वाजली.

६

वादक बाई कारखान्यात उभ्या होत्या, भिजलेली छत्री हातात. मावशीने जिन्यात भाऊजींना अडवलं. "मी एक शब्द बोलणार नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "व्हायोलिन मिळालंय, चोरी झालीच नाही असं म्हणता येईल. पण शेजारी चष्मेवाल्यापर्यंत गप्प्याचं नाव गेलंय. ते कोण पुसणार, ते तुम्ही ठरवा."

बाईंनी व्हायोलिन उचललं, उजेडाकडे धरलं, चीर शोधली. सापडेना. मग त्यांनी गज घेतला. दोनच सूर वाजवले असतील. चिमी आधीच रडत होती, ती आणखी रडायला लागली.

"माझे गुरू असते तर त्यांनी तुमचे हात धरले असते," बाई भाऊजींना म्हणाल्या आणि खरंच हात पुढे केला.

भाऊजींनी फोटोकडे बघितलं. मग दोन्ही हात खिशातून काढले आणि टेबलावर, पटाश्यांच्या शेजारी, पसरून ठेवले. पटाश्या त्या थरथरीने खणखणू लागल्या. बाई दचकल्या.

"हे बघा माझे हात," ते म्हणाले. "यांनी हे काम होईल का, तुम्हीच सांगा. काम याने केलंय. गेल्या दोन वर्षांतलं सगळं यानेच, आता तो स्वतःचं दुकान काढतोय. आणि काल मी तुमची पेटी लपवली आणि याला चोर म्हणालो. हे मी चष्मेवाल्यालाही सांगणार आहे, आणि जो जो विचारेल त्यालाही."

बाईंनी हात मागे घेतला. त्यांनी भाऊजींकडे ज्या नजरेने बघितलं, ती मावशीला कधी विसरता यायची नाही. मग त्या वळल्या आणि गप्प्याला म्हणाल्या, "तुमच्या नव्या दुकानाचा पत्ता द्या मला."

गप्प्या गेला. भाऊजींच्या पाया पडला नाही, त्यांच्याशी बोललाही नाही. पण सामान बांधून झाल्यावर तो भिंतीपाशी थांबला. 'पेटी'च्या ओळीत आता नुसत्या रेघा होत्या, कारण बाई जाताना तो पांढरा डबाही पेटीबरोबर घेऊन गेल्या होत्या. त्याने 'पेटी'ची चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि खिशात टाकली.

चिमीने त्याच्या हातात जेवणाचा डबा दिला. भाऊजी आतल्या खोलीत होते, दार उघडं ठेवून.

"तिथून इथे काही दिसेल का रे?" भिंतीवरच्या यंत्राकडे बघत तिने विचारलं. "तुझं कसं चाललंय ते?"

"नाही काकू. एवढ्या लांबून नाही ऐकू येत त्याला."

"मग फोन कर," चिमी म्हणाली. "मला कर. ते शेजारी बसून ऐकतील."

गप्प्याने आतल्या उघड्या दाराकडे एकदा बघितलं, डबा पिशवीत नीट ठेवला, आणि मान डोलावून तो निघाला.